ज्यानं बांधलं, त्यानं मागं बसायचं

काकाजींना पंख्याखाली बसलेलं मी कधी पाहिलं नाही. अमरावतीचा मे महिना, पत्र्याचं गोदाम, आत जळक्या ऑइलचा वास, आम्ही सगळे पंख्याखालच्या जागेसाठी एकमेकांना कोपरानं ढकलतोय, आणि हा माणूस भिंतीला पाठ लावून, दुपट्ट्यानं घाम पुसत, त्या पंख्याकडे सापाकडे पाहावं तसा पाहत बसलेला. कुणी म्हणालं, "काकाजी, या ना इकडं हवेत," तर उत्तर ठरलेलं. "हवा चांगली हाय बाप्पा. पन थो जो वर लटकून राह्यला ना, त्याले कोनं बांधलं थे मले मालूम नाही."

बांधणारा माणूस माहीत नसेल तर जगातल्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता. लिफ्ट, झुंबर, जत्रेतला पाळणा, लग्नाचा मांडव. लग्नाला गेले की ताट घेऊन मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "काकाजी, या लिंबाले कोनं बांधलं?" घास खाली ठेवून त्यांनी वर पाहिलं, नीट विचार केला आणि म्हणाले, "हे उगवलं." आता ते नाहीत, आणि गोदामाच्या जागी मंगल कार्यालय उभं राहिलंय. बरं झालं त्यांनी पाहिलं नाही.

बडनेरा रोडवरच्या काकाजींच्या त्या गोदामातून जुन्या गाड्यांचे अवजड, वेडेवाकडे भाग दूरदूर जायचे. अकोल्याच्या भंगारातून इंजिनं, गिअरबॉक्स, दरवाजे, पुढच्या मोठ्या काचा, सायलेन्सर असं सगळं यायचं आणि आमच्याकडून बांधून इंदूर, रायपूर, सुरत, हैदराबादला रवाना व्हायचं. माझं मोबाइल रिचार्जचं दुकान बंद पडलं होतं. बायकोच्या मामाच्या ओळखीनं मी तिथे बिल्ट्या लिहायला लागलो. बिल्टी म्हणजे कुठला माल कुठून कुठे चालला त्याचा कागद. माझं वय तेव्हा अडतीस होतं, कंबरही अडतीसच होती, आणि अक्षर चांगलं होतं. एवढंच भांडवल.

पेटीवर 'काच आहे, जपून' असं लिहिण्यावर काकाजींचा विश्वास नव्हता. "काचीले जपा म्हनलं तर कोन जपते? ज्याच्या पाठीवर जानार हाय त्याले सांग ना." म्हणून ते प्रत्येक पेटीवर पलीकडच्या गावातल्या अनोळखी हमालाला पत्र लिहीत. निळ्या खडूनं, ठळक अक्षरात. 'राम राम भाऊ. यात गिअरबॉक्स हाय. दिसते लहान पन लय जड हाय. डावीकडे तोल जाते. दोघं लागा. पाठ सांभाळजा.' इंदूर-रायपूरला हिंदीत. हैदराबादसाठी गोदामामागे राहणाऱ्या एका नर्सबाईंकडून तेलुगूत लिहून आणत, आणि बाईंनी नेमकं काय लिहिलंय याचीही धास्ती, म्हणून त्यांच्याकडूनच ते तीनदा वाचून घेत. एकदा इंदूरहून रिकामी पेटी परत आली. पत्राखाली कुणीतरी कोळशानं लिहिलं होतं, 'पीठ ठीक है.' ती पेटी काकाजींनी कित्येक दिवस कुणाला वापरू दिली नाही.

दर्यापूरच्या एका गिऱ्हाइकाला सायलेन्सर तातडीनं हवा होता तेव्हा त्यांनी मला तो घेऊन एसटीत बसवलं होतं. माणसाएवढा लांब, तीन ठिकाणी वाकलेला पाइप. कंडक्टरनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याचं फुल काढू का हाफ?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. तेवढ्यात बाहेर स्टँडवर उभे राहून काकाजी हात जोडून ओरडायला लागले, "ड्रायव्हरसाहेब, ब्रेक हळू मारजा! त्याच्या टोकासमोर मानूस बसला हाय!" तो माणूस म्हणजे मी. मग दर्यापूरपर्यंत मी हसलो नाही.

पण काकाजी खरे कळायचे ते सकाळच्या हजेरीत. ही हजेरी नावांची नव्हती. दोराला हात लावायच्या आधी ते एकेकासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "बोल, आज कायचं भेव हाय?" त्या दिवशीच्या मालाबद्दल प्रत्येकानं एक तरी भीती सांगायची. कशाचीच नाही म्हणणाऱ्याला दोर मिळत नसे, तो दिवसभर चहा करायचा. आमचा एक हमाल, शंभर किलोचं पोतं एकट्यानं उचलणारा गडी, पहिले आठ दिवस चहाच करत होता. नवव्या दिवशी रडवेला होऊन म्हणाला, "काकाजी, मले तुमचंच भेव वाटते."

"चालते," काकाजी म्हणाले. "घे दोर."

गाडी निघायच्या आधी हाच प्रश्न पुन्हा एकदा, ज्यानं माल बांधला त्याला. आणि त्यानंतरचा नियम असा, की ज्यानं बांधलं त्यानं मागं बसायचं. गाडीच्या मागच्या झडपेला, म्हणजे फाळक्याला, पाठ टेकून, मालाकडे तोंड करून. सपाट रस्ता असेल तर पहिल्या चहापर्यंत, घाट असेल तर घाट उतरेपर्यंत. या नियमानं माणसं काय सुरेख बांधायची! गाठ मारून झाली की तिच्याकडे असं पाहायची, जसं डॉक्टर आपल्याच एक्स-रेकडे पाहतो.

आता माझं. मी जन्माचा भित्रा आहे. बाथरूममध्ये पाल दिसली तर मी त्या दिवशी आंघोळीचा आग्रह धरत नाही. पण भित्र्या माणसाची एक खोड असते, तो आपली खरी भीती कधी सांगत नाही. मी सकाळी गोदामाकडे येता येता स्कूटरवर एक भीती रचायचो. "काकाजी, मले वाटते, रायपूरच्या रस्त्यावर ढाब्यावर गाडी थांबंल, कोनीतरी ताडपत्री काढून खाली अंथरंल, अन् तेवढ्यात पानी येईन." काकाजी डोळे मिटून ऐकायचे. काच घेऊन सुरतला चाललेल्या ट्रकपुढे मी एकदा बैलांची झुंज आणून उभी केली होती. हमाल कामं सोडून ऐकायचे. "बाबूचं भेव खरं असते," काकाजी त्यांना सांगायचे, "त्याले समोरचं दिसते." बाबू म्हणजे मी. तीन महिन्यांत बिल्ट्यांबरोबर सर्वांत जड माल बांधायचं कामही माझ्याकडे आलं. बायकोला ऐकून धक्काच बसला. "घरची मच्छरदानी तुमाले बांधता येत नाही, अन् थो मानूस तुमाले इंजन बांधाले देते?"

पुढची गोष्ट आमच्या घरी भाचेमंडळींना पाठ आहे. मी ती रंगवून सांगतो आणि त्यात खिळे तुटतात. खिळे तुटले नव्हते. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी एका जुन्या डिझेल जीपचं इंजिन, गिअरबॉक्ससकट, इंदूरला निघालं होतं. परतवाड्यावरून मेळघाटाचा घाट चढून धारणी, आणि तिथून पुढे. तिघांना न हलणारं धूड. ते लाकडी चौकटीवर बसवलं, पिकअपमध्ये चढवलं, वरून साखळी आवळली. चौकट सरकू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडी गुटके गाडीच्या तळाच्या फळ्यांना खिळ्यांनी ठोकायचे असतात. "साखळी खाली दाबते, गुटका जागेवर ठेवते," काकाजी म्हणायचे, "दोघाईचं काम येगळं हाय." मी पुढचे गुटके ठोकले, बाजूचे ठोकले, आणि खिळे संपले. मागचे दोन राहिले.

दुकान लांब नव्हतं, जाऊन यायला अर्धा तास. पण अकोल्याला माझ्या साळ्याची हळद होती. बायको आदल्या दिवशीच गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, "बाराच्या आत आले नाही तं येऊच नका." मी ते दोन गुटके चौकटीला हातानं लावले, वरून लाथ मारून घट्ट केले आणि त्यांच्यावर पोतं टाकलं. शर्टाचं शेवटचं बटण राहू द्यावं, इतक्या सहज.

काकाजी समोर येऊन उभे राहिले. "बोल बाबू."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखी खरी भीती होती, आणि ती दोन शब्दांची होती. मागचे खिळे. मी म्हणालो, "काकाजी, हरिसालकडं माकडं लय हायेत. एखादं टपकन साखळीवर येऊन बसलं, अन् ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला तर?"

"ऐका रे!" काकाजी हमालांकडे वळले. "याले म्हनते भेव."

मग मी हळदीचं काढलं. आज मला मागे बसता येणार नाही, एखाद्या हमालाला बसवा.

"हमालानं बांधलं काय?" त्यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला. "तू नाही तं मी बसतो."

ते सत्तरीला टेकले होते. मी तोंड उघडलं. "काकाजी, पन..."

"जा बे तू. हळद वाट पाहून राह्यली तुया साळ्याची."

आणि ते चढून फाळक्याला पाठ लावून बसलेसुद्धा. ड्रायव्हर रफीकभाईनं नेहमीप्रमाणे आपला फोन बंद करून त्यांच्या पिशवीत टाकला. गाडी चालवताना ड्रायव्हर बोलेल या भीतीनं काकाजींनी तशी पद्धतच पाडली होती. स्वतः ते फोन बाळगत नसत, खिशात काहीतरी वाजलं की दचकायचे. पिकअप फाटकातून बाहेर पडली, आणि मी हात हलवला. हात हलवला मी!

स्कूटर बसस्टँडवर लावून मी अकोल्याच्या गाडीत बसलो. बडनेऱ्याला बस थांबली, पुन्हा जोरात सुटली, आणि एका बाईचा स्टीलचा डबा सीटखालून निघून खडखडत मागे गेला, अगदी शेवटच्या सीटपर्यंत. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यानं पाय वर घेतले आणि तो त्याच्या पायाखालून जाऊन आपटला. बाई हसली. म्हातारा हसला. मी मात्र मनात त्या डब्याचं वजन करत होतो. डबा दोन किलोचा होता.

मी ओरडून बस थांबवली. रफीकभाईचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. रिक्षानं स्टँडवर आलो आणि स्कूटर परतवाड्याच्या रस्त्याला लावली. काकाजींच्या गाडीचा वेग असा, की सायकलवाल्यानं मागे वळून कीव करावी. एवढीच काय ती आशा होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचा चेहरा मी निरखत होतो, यानं वाटेत काही पाहिलंय का? एक जण गंभीर दिसला तर मी पाव किलोमीटर रडत गेलो. पुढे लक्षात आलं, तो तंबाखू मळत होता.

परतवाड्याच्या पुढे, घाट लागायच्या आधी एका मावशीचं चहाचं हॉटेल होतं. तिथे आमची गाडी थांबायचीच, आणि काकाजी पोत्याखाली हात घालून प्रत्येक गुटका हलवून पाहायचे. बांधणारा कुणी असो. माझा सगळा जीव त्या हातावर टेकला होता.

"आताच गेले ना," मावशी म्हणाली. "वीस मिन्टं झाले."

"मावशी, त्याईनं खाली हात घालून पाह्यलं काय?"

"नाही बाप्पा. रोज पाह्यते. आज म्या इचारलंही, काकाजी, आज काहून नाही पाह्यलं? तं म्हने, आज बाबूनं बांधलं हाय, पाह्याची गरज नाही." तिनं गाळणी आपटली. "कोन हाय हो थो बाबू?"

"हाय एक," मी म्हणालो.

घाट सुरू झाला. सागाची झाडं उन्हानं निष्पर्ण झालेली, रस्ता तापलेला, स्कूटर कण्हत चाललेली. मी नवस बोलायला लागलो. पहिल्या वळणाला नारळ. दुसऱ्याला सत्यनारायण. चौथ्या वळणाला मी सासऱ्यांशी यापुढे कधीही वाद घालणार नाही असं कबूल करून बसलो. त्याच्या पुढच्या वळणावर पिकअप दिसली.

पोतं केव्हाच सरकून गेलं होतं. काकाजी फाळक्याला पाठ लावून बसले होते, गुडघे छातीपर्यंत आलेले, आणि दोन्ही पायांचे तळवे इंजिनाच्या चौकटीला लावलेले. सकाळी त्यांच्या आणि त्या चौकटीच्या मध्ये एक माणूस झोपू शकला असता. आता मध्ये फक्त त्यांचे पाय होते. साखळी अजून धरून होती, पण प्रत्येक चढाला ती बोटभर सोडत होती आणि तेवढं इंजिन त्यांच्याकडे येत होतं. इंजिनापलीकडे केबिन. त्यांची हाक रफीकभाईपर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

मी हॉर्नकडे अंगठा नेला. काकाजींनी मला पाहिलं. एक हात सावकाश वर करून त्यांनी नाही म्हटलं. मग तळवा खाली, हळू. मग बोट पुढे, गाडीच्या तोंडाकडे. मला कळलं. रफीकभाई दचकला, त्यानं चढावर ब्रेक मारला आणि पुन्हा गाडी उचलली, तर त्या एका हिसक्याला साखळी संपणार. सकाळी मी रचलेलं माकड आता स्कूटरवर बसून घाट चढत होतं.

हॉर्न न देता पुढे जायचं होतं. मी स्कूटर उजव्या कडेनं पुढे घातली, तेवढ्यात वरून एसटी आली. ती माझ्या गुडघ्याला वारा घालून गेली. मी पुढे झालो आणि डावा हात हवेत थोपटू लागलो, हळू, हळू. रफीकभाईनं खिडकीतून डोकं काढलं. "अरे बाबूभाई! हल्दी छोडके इधर कायकू?"

मी बोललो असतो तर किंचाळलो असतो. नुसता थोपटत राहिलो. तो काहीतरी समजला आणि माझ्यामागे चालीच्या वेगानं येऊ लागला. असं दोन वळणं. आरशात पाहायची मला हिंमत झाली नाही. मग रस्ता थोडा सपाट झाला, मी हात खाली नेला, आणि रफीकभाईनं गाडी अशी थांबवली, जसं झोपलेलं लेकरू खाली ठेवावं.

चाकांमागे दगड लावले. सळईनं चौकट रेटून आम्ही काकाजींना बाजूनं ओढून काढलं. त्यांना पाय सरळ करता येईनात. चपलांच्या तळव्यांमध्ये चौकटीची कड रुतून खाच पडली होती. त्यांना कडेच्या दगडावर बसवलं. पाय आपोआप थडथडत होते, आणि ते त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पाहत होते.

"पानी," म्हणाले.

रफीकभाई आत डोकावला होता. "खिले किधर है?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडे वळून पुन्हा, हळू आवाजात. "बाबूभाई. खिले किधर है?"

"संपले होते," मी म्हणालो. "म्या ठोकलेच नाही."

त्यानं मला जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. ते सगळं मला लागू होतं.

"रफीक," काकाजी म्हणाले, "याची स्कूटर घे. सेमाडोहले जा, खिळे आन."

तो गेला. मी, काकाजी आणि इंजिन असे तिघं उरलो. जंगलात एवढी शांतता, की गरम झालेलं लोखंड टिकटिक करतंय ते ऐकू येत होतं.

"तुले मालूम होतं," काकाजी म्हणाले.

"हो."

"म्या सकाळी इचारलं तवा?"

"हो."

"मंग थे माकड?"

"बनवलं होतं."

त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "अन् याच्या आधीचे?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. त्या बैलांच्या झुंजीची शपथ, आलं असतं. पण त्यांचे पाय अजून थडथडत होते.

"सगळेच, काकाजी."

"सगळेच?"

"सगळेच."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं पाहिलं असतं तर मला परवडलं असतं. मग मान खाली घालून म्हणाले, "लय चांगले होते बे. म्या त्याईच्या धास्तीनं झोपलो नाही."

रफीकभाई खिळे घेऊन आला आणि हातोडी उचलून गाडीत चढू लागला. काकाजींनी त्याला अडवलं. "तू नाही. थो."

मी चढलो. गुटका लावला, खिळा धरला, हातोडी मारली, आणि पहिला खिळा वाकडा होऊन उडाला. दुसऱ्याला हातोडी माझ्याच अंगठ्यावर बसली. तिसरा खिळा तर माझ्या बोटांत उभाच राहीना. रफीकभाई मागून म्हणाला, "काकाजी, इससे नहीं होता."

गाडी किंचित हलली. काकाजी चढत होते, फाळक्याला धरून, एकेक पाय हातानं उचलून. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले, माझ्या बोटांतला खिळा काढून घेतला आणि आपल्या अंगठ्यानं आणि बोटानं धरून गुटक्यावर उभा केला.

"मार."

"काकाजी, हात काढा. लागंल."

"लागंल तं लागंल. मार."

त्यांच्या बोटांत खिळ्याचं डोकं माझ्या डोळ्यांसमोर हलत होतं. काकाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला मिटून चालणार नव्हतं. मी हातोडी उचलली.